गेजकाका आणि अकरा उपाय

मी आजवर शिक्षकांना जेवढे उपाय सांगितले आहेत, तेवढे कुणा वैद्याने रोग्यांना सांगितले नसतील. गणिताची भीती घालवण्याचे नऊ मार्ग, शेवटच्या बाकावरच्या मुलाला पुढे आणण्याच्या सात युक्त्या, पालकसभा सुरळीत पार पाडण्याची अकरा सूत्रं, सगळं माझ्या हातचं. स्वतः मी खडू हातात धरलाय तो फक्त दारावर गॅसवाल्यासाठी निरोप लिहायला. पण लिहिणाऱ्याला हे विचारतं कोण? कुणीच विचारत नव्हतं. मग गेजकाका आमच्या ऑफिसात आले.

ऑफिस थेरगावात, डांगे चौकाजवळ, एका टाइल्सच्या दुकानाच्या वर. शाळांना हजेरीचं आणि निकालाचं सॉफ्टवेअर विकायचं, हा मूळ धंदा. पण शिक्षक आपण होऊन सॉफ्टवेअर बघायला कशाला येतील? म्हणून सोबत एक मराठी ब्लॉग. रोज एक यादी. बाईंनी मोबाइलवर यादी वाचायची, वाचता वाचता त्यांना खालची जाहिरात दिसायची, अशी योजना. या यादीखात्याचा मी प्रमुख. खात्यात मी, नुकत्याच पदव्या घेतलेल्या दोन मुली आणि एक पंखा.

आमचे सर, म्हणजे मालक, माझ्या पुतण्याच्या वयाचे, लातूरकडचे, स्वभावाने चांगले. त्यांचा विश्वास विषम आकड्यांवर. "दहा म्हटलं की लोकांना वाटतंय, ओढून-ताणून दहा केलेत," ते म्हणायचे. "अकरा म्हटलं की वाटतंय, ह्यांच्याकडं खरंच काहीतरी जास्तीचं आहे." त्यामुळे आमच्याकडे आकडा आधी ठरायचा आणि उपाय मागून यायचे. नऊच सुचले तर दोन मी झोपेतही पाडू शकायचो. 'पाण्याची बाटली जवळ ठेवा' आणि 'स्वतःसाठी वेळ काढा' हे माझे राखीव खेळाडू. कुठल्याही यादीत उतरत.

काका आले ते पायात सेफ्टी शूज घालून. लोखंडी टोकाचे, मळखाऊ रंगाचे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते शिकाऊ मुलांचे इन्स्ट्रक्टर होते. आयटीआयतून आलेल्या पोरांना मशीनवर उभं करायचं काम. कंपनीने ती लाइनच दुसऱ्या राज्यात हलवली, काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसले. घरी बसले म्हणजे बायकोच्या चपात्यांवर डब्याचं झाकण ठेवून गोलाई तपासू लागले. "मंडळींनीच मला कामाला लावलं," हे त्यांनीच सांगितलं, जरासुद्धा न हसता. सरांना वेबसाइटवर लावायला एक 'तज्ज्ञ मार्गदर्शक' हवा होता. काकांच्या अर्जात प्रशिक्षण हा शब्द बऱ्याचदा होता आणि फोटोत चेहरा करारी होता. तेवढ्यावर निवड झाली.

मुलाखतीत काकांनीच प्रश्न विचारला. "माल कोण तपासतं?"

"कुठला माल?" सर म्हणाले.

"ह्योच. मुद्दे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

गेज म्हणजे कारखान्यात नगाचं माप बघायचं साधन. नग त्यात बसला तर पास, नाही बसला तर नापास, मधलं काही नाही. हे आम्हाला काकांनीच पहिल्या दिवशी समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मुली त्यांना गेजकाका म्हणू लागल्या. त्यांना ते कळलं होतं. आवडलंही होतं बहुतेक. सरांना मात्र ते 'मालक' म्हणायचे आणि सरांचा जीव कासावीस व्हायचा. "काका, सर म्हणा ना, सगळे म्हणतात." "सर आमी शिकवणाऱ्याला म्हणतो," काका म्हणाले, आणि तो विषय कायमचा मिटला.

नापास नग कारखान्यात लाल पेटीत टाकतात, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात मिसळत नाही. काकांनी मंडईतून भाजीचा एक क्रेट आणला, गच्चीत नेऊन त्याला लाल ऑइलपेंट मारला आणि वाळल्यावर माझ्या नि त्यांच्या टेबलाच्या मधोमध ठेवला. माझी पोस्ट प्रिंट करायची, कात्रीने एकेक मुद्दा सुटा कापायचा, वाचायचा आणि क्रेटात सोडायचा. पहिल्या आठवड्यात क्रेट भरला तो सगळा माझ्याच साहित्याने. इतकं मन लावून माझं लिखाण त्याआधी कुणी वाचलं नव्हतं, त्यामुळे राग यायला मला जरा उशीरच झाला.

"'वर्गात सकारात्मक वातावरण निर्माण करा,'" त्यांनी एक चिठ्ठी मोठ्याने वाचली. "कसं?"

"म्हणजे, मुलांना प्रोत्साहन देऊन."

"ते खालच्या मुद्द्यात हाय. 'मुलांना प्रोत्साहन द्या.' ते कसं द्यायचं?"

"सकारात्मक वातावरणातून," मी म्हणालो, आणि माझं मलाच ऐकू आलं.

काकांनी दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींना टाचणीने जोडल्या आणि क्रेटात सोडल्या. "ऱ्हाऊ द्या दोघांना संगं. एकमेकांचं बघतील."

त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. सोमवारी पहिल्या तासाला बाईनं हातात काय घ्यायचं? उत्तर असलं तर मुद्दा जिवंत. नसलं तर क्रेट. आणि उत्तर असलेल्या मुद्द्याचीही सुटका नव्हतीच, कारण मग ट्रायल. कारखान्यात पहिला नग काढून तपासल्याशिवाय पुढचे काढत नाहीत. काका पहिला मुद्दा कुणावर तरी चालवून बघितल्याशिवाय पुढे सरकत नसत. गृहपाठ वेळेवर यावा म्हणून नऊ उपाय लिहायला सरांनी त्यांना सांगितलं. आठवडा गेला. मग सरांच्या टेबलावर एक कागद आला. त्यावर एकच ओळ होती, 'कमी द्या', आणि खाली सही.

"काका, शीर्षकात नऊ आहेत!"

"नऊ लिहिले होते मालक. ट्रायलला आठ फुटले."

"ट्रायल कुठं घेतली?"

"नातवावर."

"अहो, पण शीर्षक..."

"मग शीर्षक रिवर्कला टाका. आधी भोकं किती पाडायची ते ठरवून मग बोल्ट हुडकायचे व्हय?"

ती पोस्ट नऊ उपायांचीच निघाली. एक काकांचा, आठ माझे. पाण्याची बाटली आणि स्वतःसाठी वेळ धरून.

हे ऐकून काका फार थोर वाटत असतील तर शेजारच्या टेबलावर वर्षभर बसून बघा. माणूस तुमच्या मागे येऊन उभा राहायचा आणि काही बोलायचा नाही. 'मुलांना रांगेत उभं करा' एवढं टाइप केलं की मानेमागून आवाज, "उंचीप्रमाणं का हजेरीप्रमाणं?" ऑफिस दहाला उघडायचं आणि काका फर्स्ट शिफ्टच्या सवयीने भल्या सकाळी जिन्यात येऊन बसायचे, टाइल्सवाल्याने त्यांना कितीदा तरी वॉचमन समजून किल्ल्या दिल्या. भाषा विषयाच्या पोस्टना ते हात लावत नसत. "कवितेचं माझ्याकडं गेज न्हाई," म्हणून बाजूला व्हायचे. आणि मुली वैतागून म्हणायच्या, "काका, आपण काय रॉकेट सोडतोय का?" तर म्हणायचे, "रॉकेट पडलं तर समुद्रात पडतंय. हे कुठल्या तरी बाईच्या डोक्यावर पडणार."

एकदा दुपारी त्यांनी आम्हा सगळ्यांना खुर्च्यांच्या रांगेत विद्यार्थी म्हणून बसवलं. मुद्दा होता टाळ्यांचा. बाईंनी एका तालात टाळ्या वाजवायच्या, मुलांनी त्याच तालात उत्तर द्यायचं, गोंगाट बंद. काका टाळ्या वाजवू लागले. आम्ही उत्तर दिलं. मग सेल्सची मुलं आली, त्यांनी ताल वाढवला, कुणीतरी टेबल बडवलं, आणि खालून टाइल्सवाले धापा टाकत वर आले. "कुणाचा वाढदिवस? केक कुठाय?" काकांनी शांतपणे चिठ्ठी क्रेटात सोडली. मुद्दा त्यांचा स्वतःचा होता. माझा टाकताना आणि स्वतःचा टाकताना त्यांच्या चेहऱ्यात काही फरक पडत नसे, एवढं मी कबूल करतो.

आता सुनंदाचं सांगतो, कारण त्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

सुनंदा माझी बायको. ताथवड्यातल्या एका खासगी शाळेत गणित शिकवते. नेमणूक दरवर्षी नव्याने, वर्षभराची. त्या वर्षी तिच्याकडे सातवी ब होती, तीही मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, म्हणजे पोरं डबा खाऊन, पळून, घामाघूम होऊन यायची आणि वर्गाची मंडई व्हायची. मुख्याध्यापिका मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, संस्थेचे एक संचालक वार्षिक परीक्षेच्या तोंडावर तुमचा वर्ग बघायला येतील. त्यांना हाच गोंधळ दिसला तर जूनपासून आम्ही दुसऱ्या बाई बघू. सुनंदाने हे मला भाजी निवडता निवडता सांगितलं. "आणि या वयात दुसऱ्या शाळेच्या दारात डेमो लेक्चर द्यायला मी जाणार नाही," असंही म्हणाली. "शिकवणं सुटलं तर सुटलं." तिने ते फार सहज म्हटलं. ती असं सहज म्हणते तेव्हा मी घाबरतो.

पण मी तज्ज्ञ. मी तिला माझी पोस्ट दाखवली, 'वर्गावर नियंत्रण मिळवण्याचे अकरा हमखास उपाय'. तिने आजवर माझं काही वाचलं नव्हतं. वाचलं, मोबाइल परत दिला.

"कुणी लिहिलंय?"

"मी."

"तरीच."

तरी बिचारीने त्यातला एक करून बघितला. 'आवाज न चढवता शांत उभे राहा. मुले आपोआप शांत होतील.' ती शांत उभी राहिली. मुलं आपोआप काही झाली नाहीत. बऱ्याच वेळाने वर्गात बातमी पसरली की बाईंचा घसा बसलाय. एका मुलीने दप्तरातून खडीसाखर काढून दिली. दुसऱ्याने शेजारच्या वर्गातल्या सरांना बोलावून आणलं. तास संपला.

मी हे डबा खाताना ऑफिसात रंगवून सांगितलं. मुली हसल्या. काकांचा घास हातातच राहिला.

"तुमच्या मंडळी शिक्षिका हायेत?"

"हो."

"आणि आमी हितं खुर्च्यांवर ट्रायल घेतोय? राव, घरात चालू मशीन हाय तुमच्या!"

सुनंदाला मशीन म्हटलेलं मी घरी सांगितलं नाही. एवढा संसार उगाच नाही टिकला. पण त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला, आणि तो माझ्यासाठी नव्हता. "बाई, ते शांत उभं ऱ्हायचं, ते नेमकं कुठं तुटलं? सुरवातीलाच का मधी?" सुनंदा आधी चपापली. वर्गात गोंधळ का होतो हे तिला सगळ्यांनी विचारलं होतं, मुख्याध्यापिकांनी, पालकांनी, मीही. कुठे होतो हे कुणी विचारलं नव्हतं. ती सांगू लागली. पोळ्या मी केल्या. त्यांच्यावर झाकण ठेवून बघण्याची सोयच नव्हती, कोणत्याही झाकणात बसल्या नसत्या.

असे ते फोन सुरू झाले. काका मुद्दा सांगायचे, सुनंदा वर्गात करून बघायची, संध्याकाळी कुठे तुटला ते कळवायची. दुसऱ्या दिवशी क्रेटात चिठ्ठी. मधल्या मध्ये मी फक्त चार्जर आणून द्यायचो.

मग काकांनी त्यांचा हुकमी मुद्दा काढला. चाकणला त्यांच्या शिकाऊ पोरांची शिफ्ट सुरू होण्याआधी सगळे गोल करून उभे राहायचे आणि प्रत्येकाने काल आपल्या हातून काय चुकलं ते एका वाक्यात सांगायचं. कुणी रागवायचं नाही, कुणी हसायचं नाही. मग कामाला लागायचं. "ह्याला ट्रायलची गरजच न्हाई बाई," काका म्हणाले. "मी जल्मभर चालवलाय." ट्रायलची गरज नाही हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

सातवी ब गोल करून उभी राहिली. पहिल्या मुलाने सांगितलं, काल मी वही विसरलो. ठीक. दुसऱ्याने सांगितलं, काल यानं माझी वही विसरवली. तिसऱ्यापासून चढाओढ लागली. माझी चूक मोठी की तुझी? ज्यांच्या हातून काही घडलं नव्हतं त्यांनी घडवून सांगितलं. एकाने शाळेचा नळ तोडल्याचं सांगितलं, तो नळ धडधाकट होता. शेवटी मागचा एक पोरगा छाती काढून म्हणाला, "मोठ्या मॅडमच्या स्कूटीची हवा मी सोडली होती." वर्गाने टाळ्या वाजवल्या. आणि मोठ्या मॅडम त्या वेळी व्हरांड्यात उभ्या होत्या.

मॅडम आत आल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी सुनंदाला बोलावून सांगितलं, संचालक परीक्षेच्या तोंडावर नाही, परवाच येतील.

त्या संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. सेफ्टी शूज काढत नव्हते, आत येत नव्हते.

"बाई, माल माझा होता. रिजेक्शन माझ्या नावावर. मी उद्या शाळंत येतो आणि मॅडमना सांगतो."

"काय सांगणार?"

"की तुमची चूक न्हाई. चाकणची चूक हाय."

"काका, तुम्ही कृपा करून येऊ नका," सुनंदा म्हणाली. "आधीच पुष्कळ झालंय. बूट काढा आणि चहा घ्या."

चहा झाला. मग काकांनी कप ठेवला. "मी सारखं तुटतं कुठं ते इचारलं. चालतं कुठं ते इचारलंच न्हाई. तुमचा वर्ग कधीच जाग्यावर येत न्हाई का?"

"येतो ना. मी चुकले की येतो."

"म्हंजे?"

"एकदा दमून मी फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं. असा काही आनंद झाला म्हणता कार्ट्यांना! तेव्हापासून रोज एका गणितात मुद्दाम एक चूक ठेवते. पकडणाऱ्याने नुसतं चूक म्हणायचं नाही, का चूक ते सांगायचं. मग दुसरा म्हणतो ती चूकच नाही. भांडतात. पण सगळे फळ्याकडे बघत असतात."

"हे रोज करता?"

"रोजच. त्यात काय सांगायचं?"

काका माझ्याकडे बघत राहिले. माझ्या अकरांत हा बारावा कसा नव्हता, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. मी कप उचलून आत नेले.

बाहेर आलो तेव्हा सुनंदा बोलत होती. "पण त्यात आवाज फार होतो काका. बाहेरून ऐकलं तर मारामारीच वाटते. परवा मी लेखी सराव देणार आहे. माना खाली घालून गणितं सोडवतात, टाचणी पडली तर ऐकू येते. सगळ्या बाई तेच करतात."

"आमीबी ऑडिटच्या आदल्या रात्री जमिनीवरचे पिवळे पट्टे रंगवायचो," काका म्हणाले. "सकाळी ऑडिटर बुटाला रंग लावून फिरायचा. त्याला समदं कळायचं, तो लिहायचा न्हाई इतकंच." मग म्हणाले, "पण मी आता काय सांगणार न्हाई. माझा एक नग आजच फुटलाय. मशीन तुमचं, निर्णय तुमचा."

"माझं काय?"

"वर्ग म्हणायचं होतं त्यांना," मी घाईने म्हणालो.

दोन दिवसांनी संचालक आले आणि मॅडमसोबत मागच्या बाकावर बसले. बांधकामवाले गृहस्थ, मोठं शरीर, गुडघे बाकाखाली मावेनात. सुनंदाच्या टेबलावर लेखी सरावाच्या झेरॉक्स तयार होत्या. तिने मला नंतर सांगितलं की तिने त्या उचलल्याही होत्या. मुलांनी माना खाली घालायची तयारी केली, आणि त्या माना बघून तिला वाटलं, हे शेवटचं असेल तर असं नको. तिने झेरॉक्स खणात ठेवल्या आणि फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहायला घेतली.

थोड्याच वेळात सातवी ब पेटली. संचालकांनाही राहवेना. त्यांनी मागून हात वर केला, खरोखरच मुलासारखा, आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीत चूक आहे."

"नाही सर," दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "ती आमच्या बाईंची पद्धत आहे. चूक खाली आहे."

वर्ग गप्प. सुनंदा म्हणते, टाचणी तेव्हा पडायला हवी होती.

"कशावरून?" संचालक म्हणाले.

मुलगी उठली, फळ्याकडे गेली, आणि त्यांना छेद समान कसे करतात ते पहिल्यापासून समजावू लागली. तिला मध्येच अडवायला आणखी तिघं आले. संचालक बाकातून बाहेर निघून पुढे आले. घंटा झाली ती कुणाला ऐकू आली नाही. जाताना त्यांनी सुनंदाला एवढंच विचारलं, "रोज एवढाच आवाज असतो?"

खोटं बोलायला ती एक जागा होती. सुनंदा म्हणाली, "हो. रोज."

ते काही न बोलता गेले. मॅडमही बोलल्या नाहीत. परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले, निकाल लागला. सुनंदा कपाटातली शाळेची पुस्तकं एका पिशवीत भरायची आणि दुसऱ्या दिवशी परत लावायची. मी बघितलं नाही असं दाखवायचो.

ऑफिसात त्याच सुमाराला सरांनी यादी लिहिणारं एक नवं सॉफ्टवेअर आणलं. अकरा म्हणा, एकवीस म्हणा, चहा गाळेपर्यंत मुद्दे हजर. काकांनी त्याची पहिली यादी वाचली. "लेखक," ते मला म्हणाले, "ह्यानं तर तुमच्याच बाटलीतलं पाणी प्यायलंय." क्रेट दोनदा ओसंडला. शेवटी सरांनी त्यांना केबिनमध्ये बसवून फार मऊपणे सांगितलं की काका, तुम्ही रोज यायची गरज नाही, पण वेबसाइटवर तुम्ही हवेत. "मग फोटो ठेवा," काका म्हणाले, "मी जातो." तो फोटो अजून आहे. रोज माझ्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या यादीखाली तो करारी चेहरा येतो, आणि त्याच्या नजरेत मला दरवेळी तोच प्रश्न दिसतो. काका सध्या चाकणजवळ पुतण्याच्या वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना शिकवतात.

त्या सगळ्या दिवसांत काकांनी फोन करून सुनंदाच्या नोकरीचं काय झालं ते एकदाही विचारलं नव्हतं. मी विचारलं, का हो, तुम्हाला उत्सुकता नाही? तर म्हणाले, "माल गेल्यावर गिऱ्हाइकाच्या मागं लागायचं नसतंय."

शाळेतून बोलावणं आलं ते मे महिन्यात. सुनंदा गेली, आली, चपला काढल्या. मी दारातच उभा होतो. तिने मला काही सांगितलं नाही. आधी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे लेथ मशीनचा आवाज होता.

"काका, ठेवलं मला."

लेथ बंद झाला. "कायम?"

"नाही. एक वर्ष. पुन्हा सातवी ब. पुढच्या वर्षी परत बघायला येणार म्हणे."

"काय म्हणाले ते?"

"मॅडम म्हणाल्या, त्यांनी फक्त त्या मुलीचे गणिताचे मार्क मागवून घेतले. जेमतेम पास होते ती. ते बघितले आणि म्हणाले, या बाईंना राहू द्या. मॅडमना अजून तो आवाज आवडलेला नाही."

मी माझ्याच घरात भिंतीला टेकून बसलो.

"पण बाई," काका म्हणाले, "ही पोरं आता आठवीत गेली. नवी येणार. त्यांच्यावर चालंल का हे?"

"माहीत नाही काका," सुनंदा म्हणाली. "जूनमध्ये बघू."

जून हा शब्द त्या वर्षात आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी हसत उच्चारला होता.